मारण्याआधी फोटो पाठवा

वळवाचे दोन शिडकावे पडून गेले की माझ्या फोनवर साप यायला लागतात. न्हाणीतला, पडवीतल्या लाकडांमागचा, मांगरातल्या पेंढ्यात शिरलेला. फोटो बहुधा हललेला असतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं: ‘मॅडम, इखारी आसा काय?’ सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. या प्रश्नाला उत्तर देणं माझ्या नेमणुकीच्या पत्रात कुठे लिहिलेलं नाही. पण इथल्या सापांविषयी, बेडकांविषयी मला आज जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग या प्रश्नाच्या वाटेनेच माझ्यापर्यंत आला. कॉलेजच्या वार्षिक अहवालात ‘संशोधन’ एका तक्त्यात भरतात आणि ‘विस्तारकार्य’ दुसऱ्या. आमच्या कामाची अशी फाळणी करायला बसले की प्रत्येक नोंद दोन्हीकडे जाते.

मी शिकले तेव्हा प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल म्हणजे बेडूक. मेणाचा ट्रे, टाचण्या, क्लोरोफॉर्मचा वास. बेडकाच्या कवटीतल्या मज्जातंतूंची आकृती आम्ही डोळे मिटून काढायचो. पण घरामागच्या बावीत रात्री ओरडणारा बेडूक कुठल्या जातीचा, हे आमच्यापैकी कुणाला सांगता आलं नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवी वर्गातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, तेव्हा शिक्षकांमध्ये बरीच चर्चा झाली. शरीररचना हाताने उलगडून पाहण्याला पर्याय नाही, असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. तरीही मला तो निर्णय पटला. एकेका कॉलेजात वर्षाला किती बेडूक त्या ट्रेवर जात होते, हे मी जवळून पाहिलं आहे. त्या मोकळ्या झालेल्या तासांत आम्ही टी. वाय.च्या मुलांना घेऊन रात्रीचं बाहेर पडायला लागलो.

बाहेर पडलो आणि अभ्यासक्रमच बदलल्यासारखा झाला. आवाजावरून जात ओळखायची, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, सोबत वेळ, हवेचं तापमान, पाणी वाहतं की साचलेलं हे लिहायचं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या संगणकावर तो आवाज उघडायचा, म्हणजे त्याच्या लहरी पडद्यावर दिसतात. झुडुपांतला बॉम्बे बुश फ्रॉग टिक-टिक करतो. त्याला डबक्याची गरजच नसते, कारण त्याची पिल्लं अंड्यातूनच इवले बेडूक होऊन बाहेर येतात. उंबळणारा व्हाळ ओलांडून मुलं हे ऐकायला उभी राहतात, तेव्हा बेडूक म्हणजे अंडी, मग शेपटीवाली पिल्लं, मग बेडूक हा शाळेपासून पाठ केलेला क्रम त्यांच्या कानांदेखत मोडतो. सह्याद्रीतल्या ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’चं तर २०१६ मध्ये एक नवलच प्रसिद्ध झालं: नर मादीला घट्ट मिठी न मारता तिच्या पाठीवर ओणवा राहतो, वीर्य तिच्या पाठीवर सोडून बाजूला होतो आणि मग मादी अंडी घालते. बेडकांच्या मीलनाच्या तोवर माहीत असलेल्या कुठल्याही प्रकारात हे बसत नव्हतं. यातली मादीही आवाज काढते. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या व्हाळात पण असेल, कुणी बघितलं नसेल.’ हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाने नेमकं हेच करायचं असतं, कुणी न बघितलेलं बघायचं.

आमच्या डोक्यावरच आंबोली आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दाट जंगल, आणि मधूनमधून जांभ्या दगडाचे उघडे सडे. उन्हाळ्यात हे सडे इतके रखरखीत असतात की परगावचा माणूस त्यांना पडीक जमीनच म्हणेल. महसुली कागदावरही त्यांची गत फारशी वेगळी नाही. या कातळावर एक छोटा, अंगावर पिवळे पट्टे असलेला टोड राहतो. विज्ञानाला त्याची ओळख २००९ मध्ये झाली. जगात तो आंबोली-चौकुळच्या परिसरातूनच ज्ञात आहे आणि नामशेष होण्याच्या कडेला असलेल्या जातींत त्याची गणना होते. पहिल्या पावसात कातळावरच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं, त्यात हा टोड अंडी घालतो. पाऊस चार दिवस दडी मारून बसला तर खळगा आटतो आणि अंडी वाळून जातात. मोठ्या तळ्यात माशांचं, इतर भक्षकांचं भय असतं, ते या खळग्यात नाही. त्या बदल्यात त्याने सगळा भरवसा पावसावर टाकला आहे. असा जीव सड्याच्या बाहेर कुठे जाणार? सड्यावर गाडी फिरवली, मातीचा भराव टाकला, चिरेखाण काढली, की त्याचं त्या ठिकाणचं जगणं संपलं.

मुलांना मी आधी सडा दाखवते, टोड नंतर. कारण टोड पाहिला की सगळे मोबाइल काढतात आणि खाली दगडाकडे कुणी बघत नाही.

याच जांभ्याच्या भेगांतून राहणारा ‘इंडिराना चिरावासी’ हा बेडूक २०१४ मध्ये नव्याने नोंदवला गेला. ते काम पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातल्या डॉ. आनंद पाध्ये यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी पाध्ये आणि सहकाऱ्यांनी झुडुपांतल्या एका बेडकाला ‘राओर्चेस्टिस घाटेई’ हे नाव दिलं. त्यातले घाटे म्हणजे पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे डॉ. हेमंत घाटे. या गोष्टी मी मुद्दाम सांगते. संशोधन म्हणजे मोठ्या संस्थेतलं, परदेशी निधीवरचं काम असं आमच्या मुलांना वाटतं. तास घेणाऱ्या, पेपर तपासणाऱ्या मास्तरांनी हे केलं आहे, हे त्यांना कळलं पाहिजे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचा अभ्यास केला आणि तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, हेही याच तासाला येतं. विंचू सरीसृप नाही, पण मुद्दा ठिकाणाचा आहे.

बाहेरून येणारे संशोधक हुशार असतात, साधनसंपन्न असतात, आणि पावसाळ्यानंतर परत जातात. आम्ही इथेच असतो, आणि दरवर्षी कॉलेजात वेगवेगळ्या वाड्यांतून नवी मुलं येतात. एका वर्गात बसलेल्या मुलांची घरं नकाशावर मांडली, तर आख्ख्या तालुक्यावर निरीक्षकांचं जाळं पसरलेलं दिसतं. इतकं बळ कुठल्या प्रकल्पाला पैसे देऊनही मिळणार नाही. मात्र ते जाळं आपोआप काम करत नाही. मुलाच्या आजीला, काकाला, शेजाऱ्याला जोवर वाटतं की साप दिसला की ठेचायचा, तोवर त्या घरातून माहिती येत नाही. फार तर ठेचलेला साप पिशवीतून येतो. सुरुवातीची वर्षं आमच्या विभागात तेच यायचं. काठीने डोकं चेचलेली धामण, शेपटीकडून निम्मी झालेली नानेटी. मुलं अपेक्षेने विचारायची, ‘मॅडम, बाटलीत ठेवूया?’ तेव्हापासून गावोगावच्या बैठकांत मी एकच वाक्य सांगत आले: मारण्याआधी फोटो पाठवा, लांबूनच काढा, साप हलला तरी चालेल.

देवगांडुळांच्या बाबतीत या वाक्याने सगळ्यात जास्त दिलं. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि ओळखलेला नसतो. शेणखताचा खड्डा उपसताना, पोफळीच्या बागेत आळं करताना तो निघतो. वळवळ पाहून लोक त्याला किरडू समजतात आणि फावड्याने तोडतात. त्याला विषाचा दात नाही, तो माणसाला काही करत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावावरून ज्ञात झालेल्या एका देवगांडुळाने तर अभ्यासकांना चकित केलं. त्याची मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पिल्लांना जन्म देणारा तो आशियातला पहिला ज्ञात उभयचर ठरला. आंबोलीतही एक वेगळी जात आहे. २००३ मध्ये तिला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. हे सगळं मी एका बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. समोर शेतात राबणाऱ्या बायका होत्या. एक आजी ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘देवाचा नाव लावलेला आसा, मगे मारतत कित्याक?’ पुढच्याच आठवड्यात त्यांच्या नातवाने खताच्या खड्ड्यातल्या देवगांडुळाचा फोटो पाठवला, शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून. काडेपेटी ठेवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पावसाळ्यात घाटरस्त्यावर मेलेली देवगांडुळं आणि खापरखवले आम्ही आता नियमित नोंदवतो. हे जीव एरवी जमिनीखाली असतात. पाणी भरलं की वर येतात, डांबरावर चढतात आणि गाड्यांखाली जातात. ज्यांना जिवंत पाहायला आयुष्य घालवावं लागेल असे प्राणी रस्त्यावर चिरडलेले सापडावेत, हे फार वाईट वाटतं. पण घाटाच्या कुठल्या वळणांवर ते जास्त मरतात हे आता कागदावर आहे, आणि कागद असला की बोलता येतं.

सापांचं काम वेगळं, कारण तिथे माणसाचा जीव जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यांतले. लावणीच्या चिखलात वाकलेली बाई, काजी गोळा करायला पाचोळ्यात हात घालणारी मुलगी, गडगा रचणारा गडी ही त्या आकड्यातली माणसं. त्यांच्यासमोर उभं राहून ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ एवढंच म्हणून चालत नाही. साप उंदीर खातो हे त्यांना माहीत असतं. त्यांना हवं असतं ते हे, की रात्री झोपायचं कसं.

म्हणून मी मण्यारापासून सुरुवात करते. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. मग कवड्या आणि मण्यार यांतला फरक. कवड्या बिनविषारी, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात. मण्यारावरचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे दाट होतात. शिवाय पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते. हे फोटोवर शिकायचं, हातात धरून नाही. दंश झाल्यावर चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला अवयव हलू न देता गाडी करायची. साप शोधत बसायचं नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. फुरसं किंवा घोणस चावल्याची शंका असेल तर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं स्थिर ठेवतात. ते गोठलं नाही, तर विषाने काम सुरू केलेलं आहे. ही चाचणी मी वर्गात फळ्यावर काढून समजावते. आमच्या काही विद्यार्थिनी पुढे परिचारिका होतात, आणि वीस मिनिटांच्या त्या नळीचं मोल त्यांना तिथे कळतं.

फुरशाविषयी आमच्या भागात जुनी दहशत आहे. सिंधुदुर्ग वेगळा व्हायच्या आधीच्या, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशी मारायला बक्षीस लावलं होतं. १८६२ च्या डिसेंबरात आठवड्याभरात एक लाखाहून जास्त फुरशी जमा झाल्याची नोंद आहे. इतकी मारूनही फुरसं संपलं नाही, आणि ते चावून मरणारी माणसंही संपली नाहीत. हा दाखला मी प्रत्येक ठिकाणी देते. पायात बूट, हातात काठी आणि आरोग्य केंद्रात प्रतिविष, यांनी जे साधतं ते त्या बक्षिसाने साधलं नव्हतं.

आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. चापड्यांवर ते बनलेलं नाही. एका पावसाळ्यात पोफळीच्या बागेत पाचोळा काढताना एका बाईंना बोटाला दंश झाला. घरचे ते फुरसंच असं धरून चालले होते. त्यांच्या मुलाने जागेवरून फोटो पाठवला: नाकाचं टोक वर वळलेला, पाचोळ्याच्या रंगाचा चापडा. मी तो फोटो ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना पुढे पाठवला. त्यांनी रक्त गोठण्याकडे आणि लघवीकडे लक्ष ठेवलं आणि वेळेत बाईंना गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हलवलं. सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णांना गोव्याचाच आधार असतो. बाई बऱ्या होऊन घरी आल्या. त्या फोटोमुळे हा साप त्या गावात राहतो हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. मग त्या पट्ट्यातल्या बागा आम्ही पाहिल्या, आणखी दोन ठिकाणी तो सापडला, तशी नोंद झाली, आणि ती नोंद परत त्याच रुग्णालयाला दिली. आता सांगा, यातलं संशोधन कुठलं आणि विस्तारकार्य कुठलं?

सर्पमित्रांशिवाय यातलं बरंच होणार नव्हतं. आमच्या तालुक्यातली ही पोरं रात्री दोन वाजता उठून स्वतःचं पेट्रोल घालून जातात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलते: गळ्यात नाग घालून काढलेल्या व्हिडिओने दहा वर्षांचं काम पुसलं जातं. त्याने पाहणाऱ्याची भीती जात नाही, अंगावर साप घ्यायची हौस तेवढी वाढते, आणि महाराष्ट्रात अशा हौसेपायी चांगली चांगली पोरं गेली आहेत. आम्ही त्यांना वही दिली. तारीख, वेळ, वाडी, घरात कुठे, कुठली जात, कुठे सोडला. आधी कंटाळा केला. मग स्वतःच्याच वहीतून दिसायला लागलं की बहुतेक फोन धामण आणि दिवडाचे असतात, आणि पुष्कळदा साप पकडायची गरजच नसते, फोनवर धीर दिला तरी पुरतो. मांडुळाच्या काळ्या बाजाराची बातमीही याच पोरांकडून लागते. मांडुळाने गुप्तधन मिळतं, या खुळापायी त्या गरीब जनावराची विक्री होते. तशी चाहूल लागली की वनखात्याला कळवतात.

जी गोष्ट मला मनापासून खुपते ती आंबोलीतली रात्रीची गर्दी. बेडूक पाहायला माणसं येतात याचा आनंदच आहे, गावातल्या तरुणांना त्यातून रोजगार मिळतो. पण फोटोसाठी बेडूक उचलून दुसऱ्या पानावर बसवायचा, दगड उलटायचे आणि तसेच टाकून जायचे, हे थांबलं पाहिजे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांच्या त्वचेवर कायट्रिड बुरशी आढळल्याचं पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. या बुरशीने इतर खंडांत बेडकांच्या कित्येक जाती बुडवल्या आहेत. एका व्हाळाचा चिखल बुटाला घेऊन दुसऱ्या व्हाळात उतरणं म्हणजे काय, हे आम्ही मार्गदर्शन करणाऱ्या स्थानिक मुलांना शिकवतो. बूट घासून, धुऊन, वाळवूनच पुढे जायचं. आमच्या वर्गालाही तोच नियम.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी दिसले. मग सरडे वाढले, त्यांचं भय कमी झालं, नरांचे रंगही फिके पडले. उघड्या पठारावर माणसाने काही उभारलं की त्याचे धागे कुठवर जातात, हे यातून कळतं. हा अभ्यास मी आमच्या जवळच्या एका गावात सांगितला, कारण तिथल्या सड्यावर चिरेखाणीचा प्रस्ताव आला आहे. खाणीला गावात पाठिंबाही आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. घरं जांभ्याच्याच चिऱ्यांची, आणि खाणीवर हाताला काम मिळतं. मी कुणाला वाईट ठरवायला तिथे गेले नव्हते. आंबोलीत एका इवल्या माशासाठी हिरण्यकेशीचं तळं २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं, तसं सड्याचंही काही होऊ शकतं का, एवढंच विचारलं.

त्या गावची आमची एक जुनी विद्यार्थिनी आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीने ठेवायची नोंदवही तिच्या गावात नुसती कपाटात पडली होती. तिने ती बाहेर काढली आणि सड्यावरच्या खळग्यांची पानं भरायला घेतली. कुठला खळगा कुणाच्या गोठ्यामागे, कुठल्यात पाणी किती दिवस टिकतं, कुठल्यात अंडी दिसली, हे गुराखी पोरं तिला सांगतात. आमचे विद्यार्थी मोजमाप घेतात आणि फोटोंवर तारखा टाकतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत खाणीचा विषय येणार आहे. तोवर या पावसाळ्यातल्या अंड्यांची नोंद पुरी व्हायला हवी. खालच्या टोकाचे काही खळगे अजून मोजायचे राहिले आहेत. पाऊस लागून राहिला तर रविवारी ते होतील.